रताळ्यांचं पातेलं

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुका सांभाळून घ्या. घरात कुणाला न सांगता लिहिते आहे, म्हणून पूर्ण नावही छापू नका...

अंगात येणं, लागीर, बाहेरची बाधा — यातलं मी कधीच काही मानलं नाही. आजही मानते असं नाही. पण हे झालं.

मंठ्याहून परतूरला जाताना फाट्यापासून आत आमचं गाव. मी आणि थोरली जाऊ. चुली दोन, परस एकच. कुडाच्या कडेला सासूबाईंनी लावलेली कळलावी आहे. पावसाळ्यात वेल चढतो, लाल-पिवळी फुलं येतात, जाळ पेटल्यासारखी. हिवाळ्यात सगळं वाळतं, कंद तेवढा मातीत राहतो. वेल सगळाच विषारी, पण कंद जास्त.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या सुईण होत्या. अडलेल्या बाईच्या तळपायाला कंद उगाळून लावायच्या, मूल झालं की लगेच धुऊन काढायच्या. आता सगळ्या दवाखान्यात जातात, तसलं कुणी करत नाही, करूही नये. पण फुलांसाठी वेल राहिला. त्याचं खुरपं वेगळं, दांड्याला लाल चिंधी. ते भाजीच्या वाफ्यात घालायचं नाही. हाताला पिशव्या बांधायच्या. वेल वाळला की जागेवर खापर पालथं घालायचं, म्हणजे तिथं कुणी खणणार नाही. आणि वेलाजवळून कुणीही उठलं की आत्याबाई विचारायच्या, "हात धुतले का?" फक्त तेव्हाच. एरवी कधी नाही.

त्या वारल्यावर हे सगळं मी सांभाळलं.

गेल्या महाशिवरात्रीला जावेनं पदरात भरून रताळी आणली. "ह्या बारीला घरचीच हायेत, परसातली. तू उकड, मी तवर भगर टाकते."

मी ती चोळून धुतली, पातेलं चुलीवर ठेवलं, वर झाकण. भर दुपार, घरात मी एकटीच. तेवढ्यात पाठीमागून, अगदी कानाजवळ —

"हात धुतले का?"

आत्याबाईच. मिश्री तोंडात धरून बोलायच्या तसा जाड आवाज. वळले... कुणी नव्हतं. काय सुचलं कोण जाणे, झाकण काढलं. वर एक कंद तरंगत होता, कोपरात मुडपलेल्या हातासारखा. ते रताळं नव्हतं.

पातेलं तसंच उचललं आणि परसात पालथं केलं.

जाऊ धावत आली. "येड लागलं का गं कमल? उपाशी माणसाच्या तोंडचं फेकून राह्यलीस!"

"बाई, कळलावीवरचं खापर कुठंय?"

"ते व्हय... कोंबड्यायला पाणी ठिवलंय त्यात. उगंच पडून व्हतं."

रताळी खणता खणता तिनं तिथंही खणलं होतं. मी आवाजाचं सांगितलं, तर हसली. "जित्ती असताना आमच्याशी धड बोलली न्हाई, अन् मेल्यावर तुझ्याशी बोलती व्हय!"

कंद गोळा करायला मी हाताच्या पिशव्या आणायला आत गेले. तेवढ्यात तिच्या शेळीनं तोंड घातलं.

रात्रभर शेळी हगत राहिली, सकाळी मेली.

माझे मालक म्हणाले, "वहिनी, शेळीच्या जागी आपण असतो."

"मंग? पातेलं कोणी फेकलं? शेळीचा खर्चा कोण देणार?"

थोरल्या दिरांनी शेळी पुरायला कुदळ उचलली. त्यांच्या पोरीचाही उपास होता, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. गावात मात्र कमलनं जावेची शेळी मारली, एवढं बराबर पसरलं. भांडण नको म्हणून पैसे द्यायला मी हो म्हणाले.

आवाजाचा मी फार विचार केला. धुताना तो कंद डोळ्यांनी पाहिला असेल आणि मनानं नंतर ओळखला असेल... पण मग आवाज मनातून यायला हवा होता, पाठीमागून नाही. मला उलगडा नाही. पुन्हा कधी तो आला नाही.

या हंगामात कापूस वेचून मी शेळीचे पैसे फेडत राहिले. परवा शेवटचे दिले. जावेनं बोटाला थुंकी लावून मोजले, पोलक्यात खोचले. "झाले बराबर," म्हणाली. एवढंच.

मी परसात गेले. खापर जागेवर आहे का ते बघितलं, आणि हात धुतले.