पाचव्या टेबलावर एकाहत्तर

अन्याय किसनवर झाला. १९४६ साली, होळी होऊन तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा ते साडेबारा या दीड तासात, जालन्यातल्या एका हायस्कूलच्या सायन्सच्या खोलीत. करणारे दोघे होते. एक परीक्षक आणि दुसरा मी. परीक्षकांचं नाव लिहीत नाही, कारण ते वाईट गृहस्थ नव्हते. माझं नाव लेखाखाली आहेच.

भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी आजवर चिडून वाचत आलो. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतली पावलं... संपादकांना मी दोनदा खरमरीत पत्रं टाकली की असलं छापून तुम्ही गावोगावच्या देवऋषांची सोय करता. याच विषयावर माझी स्वतःची चार पत्रकं निघाली आहेत. तेव्हा आज याच सदरात लिहिताना मला काय वाटत असेल ते तुम्हीच समजून घ्या. माझा अजूनही असल्या कशावर विश्वास नाही. फक्त एक आकडा आहे आणि तो मला पुसता येत नाही.

मी त्या शाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो, वय चोवीस. सायन्सची खोली शाळेच्या मागच्या अंगाला, लांबट, कौलारू. एका रांगेत आठ टेबलं. निजामाचं राज्य, म्हणून शिकवणं उर्दूतून. पाणी ज्या उष्णतामानाला उकळतं त्याला मुलं 'नुक्ता-ए-जोश' म्हणून पाठ करायची, आणि मराठी घरातल्या मुलांची अर्धी ताकद त्या शब्दांतच संपायची. तेही एक वेळ सोडून देऊ. खरा रोग वेगळाच होता. प्रॅक्टिकलची वही म्हणजे मागच्या वर्षीच्या वहीची नक्कल. आधी खाली उत्तर लिहायचं, मग त्याला जमतील अशी निरीक्षणं वर भरायची! पाणी शंभर डिग्रीला उकळतं असं पुस्तकात आहे, म्हणून सगळ्या वह्यांत शंभर. जालन्यात ते शंभरला उकळत नाही. गाव समुद्रापासून उंचावर आहे, हवेचा दाब कमी पडतो, पारा अठ्ठ्याण्णवच्या जरा वर जाऊन थांबतो. म्हणजे डोळ्यांसमोरचा पारा सोडून अख्खी शाळा वर्षानुवर्षं पुस्तकातला पारा लिहीत होती, आणि तपासणारे त्यालाच पुरे मार्क देत होते.

मी यावर वर्षभर घसा कोरडा केला. जे दिसतं ते लिहा. दिसलेलं विचित्र वाटलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. मुलं माना डोलवायची आणि शंभर लिहायची. ऐकलं एकट्या किसननं.

किसन परतूरजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. उशिरा शाळेत घातलेला, म्हणून मॅट्रिकला एकोणिसावं वर्ष. मिशा फुटलेल्या. वर्गात त्याला सगळे 'काका' म्हणायचे. जालन्यातच, मस्तगडात मामाकडे राहायचा. त्याच्या गावाला शाळा नव्हती. मास्तरांच्या ट्रेनिंगला जायचं आणि गावात परत येऊन शाळा काढायची, एवढंच त्याच्या डोक्यात. ट्रेनिंगला वयाची अट होती. त्या साली पास झाला तर अटीत बसत होता, पुढच्या साली नाही.

परीक्षेला त्याला पाचवं टेबल आलं. प्रश्न सोपा — पाण्याचा नुक्ता-ए-जोश काढा. अकरा वाजता टेबलांवरचे स्पिरिटचे दिवे पेटले. पंधरा-वीस मिनिटांत त्याचं पाणी खदखदायला लागलं, बाकी कुणाचं हललंही नव्हतं. चौथ्या टेबलावरचा पोरगा हळूच म्हणाला, "काका, तुमच्या पाण्याला लई घाई दिसती." दोघं-तिघं हसले. किसन हसला नाही. त्यानं हात वर केला.

मी गेलो. फ्लास्कमध्ये पाणी उसळत होतं, तोंडातून वाफ निघत होती. पारा एकाहत्तरवर होता.

"मास्तर, मी तीनदा पाह्यलं. एकाहत्तरच येऊन राह्यलं."

परीक्षेत मी काही सांगू शकत नव्हतो. सामान बदलून हवं का, एवढंच विचारलं. त्यानं जे केलं ते मी आजवर कुठल्याही विद्यार्थ्याला करताना पाहिलेलं नाही. आधी त्यानं सहाव्या टेबलावरच्या मुलाशी थर्मामीटर बदलला. किसनकडे एकाहत्तर. त्याचाच थर्मामीटर सहाव्या टेबलावर, तिथलं पाणी उकळल्यावर, अठ्ठ्याण्णव. मग फ्लास्क बदलले. तेच. मग दिवे बदलले. तेच. शेवटी आपला सगळा सरंजाम उचलून सहाव्या टेबलाच्या मोकळ्या कडेला मांडला. त्याच्याच फ्लास्कात, त्याच पाण्यात, त्याच थर्मामीटरचा पारा माझ्यासमोर चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला. परत पाचव्यावर आणला. उकळी न थांबता पारा उतरला आणि एकाहत्तरवर टेकला.

मी त्या पाण्याचा थेंब मनगटावर घेतला. पोळलं. त्यावरून काही कळायचं नव्हतं, पण घेतला खरा.

तोवर परीक्षक आले. मुलं त्यांना मुम्तहिन साहेब म्हणत. सकाळच्या गाडीनं औरंगाबादहून आले होते, डोळे लाल, पायांत धुळीचे बूट. ते वाकून बराच वेळ थर्मामीटरकडे पाहत राहिले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग किसनचा पेपर उचलला. त्यात अदलाबदलीची सगळी निरीक्षणं ओळीनं होती आणि शेवटी उर्दूत एक वाक्य — पाचव्या टेबलावर एकाहत्तर, सहाव्यावर अठ्ठ्याण्णव, कारण मला कळलं नाही.

"बेटा, किताब में क्या है?" त्यांनी विचारलं.

"शंभर, साहेब."

"तो सौ लिखो. अभी वक्त है."

किसननं मान हलवली. "दिसलं न्हाई, साहेब. कसं लिहू?"

साहेब मला बाजूला घेऊन गेले. आवाज थकलेला होता. म्हणाले, "मास्टर साहब, ढाई बजे की गाडी से परतूर पहुँचना है. वहाँ भी लडके बैठे हैं." आणि त्यांनी फॉर्म पुढे केला. सामान दुरुस्त, म्हणजे ठीक, होतं का, तिथं सही करायची. त्याखाली कैफियतीचा, म्हणजे शेऱ्याचा, रकाना.

सामान दुरुस्तच होतं, ते किसननंच सिद्ध केलं होतं. मी सही केली. पण सामान दुरुस्त म्हटल्यावर मुलगा चुकला, असाच त्याचा अर्थ होतो. तो अर्थ मोडायला कैफियतीत एक ओळ पुरे होती — मीही एकाहत्तर पाहिलं. किसन टेबलाजवळून माझ्या हाताकडे बघत होता.

"मास्तर, कैफियतीत लिव्हा ना. तुम्ही बी पाह्यलंय."

परीक्षेत बोलू नये, असं मी त्याला म्हणालो. हो, असंच म्हणालो. दोनच आठवड्यांपूर्वी बाजारात एका देवऋषाविरुद्ध माझं पत्रक वाटलं गेलं होतं. 'भूत कुणी मोजून दाखवलं?' असं त्यात मोठ्या अक्षरांत विचारलं होतं. आता मीच लिहून दिलं असतं की टेबल बदललं की पारा उतरतो, तर गावानं मला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. मी रकाना कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी पाचव्या टेबलावर पाणी ठेवलं. अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशीही. त्याच वेळी, तेच सामान, खिडक्या उघड्या, खिडक्या बंद, ढगाळ दिवस, कोरडा दिवस... महिनाभर अठ्ठ्याण्णव. औरंगाबादच्या एका प्रोफेसरांना लिहिलं. त्यांनी तीन कारणं कळवली. तिन्ही कारणं किसनच्या पेपरानं आधीच खोडलेली आहेत. चौथं कारण मला सापडलेलं नाही आणि मी आता शोधून थकलो आहे.

निकाल लागला. किसन बाकी सगळ्यात चांगल्या मार्कांनी पास, प्रॅक्टिकलमध्ये शून्य, म्हणून मॅट्रिक नापास. ट्रेनिंग गेलं. तो आता परतूरच्या मोंढ्यात कापसाच्या गाठी उचलतो. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं मला गाठीवर बसवलं, चहा मागवला. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो तर मधेच शांतपणे म्हणाला, "मी शंभर लिव्हलं असतं तर वर्गात तुम्हीच मला नापास केलं असतं, मास्तर."

 परत येऊन मी सगळं कागदावर उतरवलं, सही केली आणि तालीमखात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, कचेरीत दिलं. तिथल्या अधिकाऱ्यानं वाचलं आणि विचारलं की हे तेव्हाच का लिहिलं नाहीत. वाजवी प्रश्न. एका माणसाच्या उशिराच्या जबानीवर पेपर पुन्हा उघडत नाहीत, त्या खोलीत बसलेल्या आणखी एकाची तरी लेखी साक्ष आणा, म्हणाला. पेपर उघडला तर पास त्याच सालचा धरला जाईल, आणि वयाची अटही त्याच सालची. पण साक्ष हे वर्ष संपायच्या आत यायला हवी.

किसन सोडून सात मुलं होती. पाचांचे उंबरे मी झिजवले. दोघांना आठवत नाही. दोघं म्हणाले, आम्ही आमचंच बघत होतो. सहाव्या टेबलावरच्यानं मला दारातच थांबवलं. "दिसलं होतं, मास्तर. बराबर एकाहत्तर. पण लिहून दिलं तर लोक हसतील का न्हाई?"  मीही त्याच हसण्याला भ्यालो होतो. उरलेले दोघे गाव सोडून गेले, त्यांचे पत्ते मिळत नाहीत.

हा अंक जालन्यात जातो, परतुरात जातो, अंबडात जातो. तुम्ही त्या सातांपैकी एक असाल तर हे तुमच्यासाठी आहे. तुमचा मुलगा, भाऊ, भाचा त्यांच्यातला असेल तर त्याच्यापुढे हे पान धरा. भूत होतं की नव्हतं हे मला नको. कारण नको, मत नको. होळीनंतरच्या तिसऱ्या दिवशी पाचव्या टेबलावर पारा कुठे होता, तेवढा आकडा कार्डावर लिहा, खाली सही करा आणि याच आठवड्यात संपादकांच्या पत्त्यावर टाका.