पाकिटावरचा माणूस

एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यातला आरोपी कोण, हे मला निवृत्त होईपर्यंत ठरवता आलं नाही.

काशीदच्या एका दुकानदाराचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. एक परका म्हातारा मांडणीवरची कॉफीची पाकिटं काढून त्यांच्यावरचा फोटो नाण्यानं खरवडत होता. "साहेब, मानूस चोर न्हाय वाटत," दुकानदार म्हणाला, "पन माल खराब करतोय."

बीट हवालदारांनी त्याला आणलं. अंगझडतीत कर्नाटकातलं आधार कार्ड आणि त्याच कॉफीचं एक रिकामं पाकीट निघालं. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. मी दरडावून पाहिलं, मग चहा देऊन पाहिलं. तो पाकिटावर बोट ठेवून नुसती मान हलवायचा. आधी वाटलं, वेडसर असेल. मग वाटलं, ही कॉफी विकणाऱ्या बाईंशी जुना वाद असेल.

त्या बाई मुंबईची नोकरी सोडून काशीदला आलेल्या. लहान शेतकऱ्यांकडच्या बिया स्वतः भाजून विकायच्या. त्यांना बोलावलं. त्यांनी म्हाताऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. फिर्याद द्यायला मात्र तयार होत्या. मी जबाब घ्यायला बसलो, इतक्यात आमच्या महिला शिपाई म्हणाल्या, "साहेब, पाकिटावरचा फोटो या आजोबांचाच आहे."

त्याला कानटोपी काढायला लावली. खरंच, तोच चेहरा. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. माझंही डोकं चालेना. स्वतःचा फोटो कोण खरवडतं?

शेवटी गावातल्या उडपी हॉटेलच्या मालकांना दुभाषी म्हणून बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. पाकिटावर छापलं होतं की हा शेतकरी आणि त्याची बायको आपल्या मळ्यात एकेक फळ हातानं खुडतात. प्रत्यक्षात बायको वारली होती. कॉफीच्या झाडांना कीड लागल्यावर त्यानं ती उपटून सुपारी लावली होती. पूर्वी फोटो काढून नेलेला दलाल त्याच्या नावावर दुसऱ्याच कुणाचा माल बाईंना पाठवत होता. मुंबईतल्या भाचीनं पाकीट पाठवल्यावर हे त्याला समजलं. वरचा पत्ता शोधत तो आला, तर बाईंच्या जागेला कुलूप होतं आणि दुकानात मात्र तीच पाकिटं.

"बायको गेली," मालकांनी त्याचं म्हणणं सांगितलं. "तिच्या नावावर दुसऱ्याचे कष्ट विकू नका, म्हणतायत."

बाईंनी पाकीट हातात घेऊन त्यावरचा मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "साहेब, त्या दोघांची हकिगत वाचूनच मी हा माल घेतला. मळ्यावर एकदाही गेले नाही."

त्यांनी दुकानदाराची भरपाई केली आणि दलालाविरुद्ध अर्ज दिला. तो आम्ही कर्नाटकातल्या ठाण्याकडे पाठवला. मी नोकरीत असेपर्यंत उत्तर आलं नाही.

म्हातारा जाण्याआधी बाईंनी घरून ती कॉफी करून आणली. त्यानं कप संपवला, आणखी मागितली आणि काहीतरी पुटपुटला. मालकांनी सांगितलं, "चांगली आहे म्हणतायत. कुणी पिकवली, त्याला शोधा म्हणतायत."

ठाण्यात येणारा जो तो 'हे माझं आहे' म्हणून भांडतो. 'हे माझं नाही' एवढंच सांगायला इतक्या लांबून आलेला माणूस मला एकच भेटला, आणि त्याला कुठल्या कलमात बसवायचं हे मला सुचेना. त्यानंतर कुणालाही समोर बसवलं, की काय केलंस हे विचारण्याआधी मी विचारायचो, तुला हवंय काय?