कॅमेऱ्याच्या भिंगावरचं कुंकू

निवृत्त झालं की सल्ला विचारायला कोणी येत नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. माझा अनुभव उलटा आहे. रंकाळ्यावर सकाळी फिरताना आठवड्याला एकजण तरी गाठतो आणि विचारतो, "साहेब, गाडीत डॅश कॅम बसवायचा आहे. कुठला घेऊ?" विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मला मात्र दसऱ्यानंतरचा एक टेम्पो आठवतो. नावं कोणाचीच सांगणार नाही, पण काय घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात तशी सुस्ती असते. दुपारी बाराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. पेठ वडगावच्या अलीकडे अपघात झाला होता, स्कूटरवरची बाई गंभीर जखमी होती आणि लोकांनी टेम्पोवाल्याला धरून ठेवलं होतं.

मी आणि आमचे हवालदार पोहोचलो तेव्हा बाईंना दवाखान्यात हलवलं होतं. त्या अंगणवाडी सेविका होत्या. कबनूरहून कापडाचे तागे भरून निघालेला टेम्पो रस्त्यातच उभा होता, त्याच्या पुढे दहा पावलांवर स्कूटर पडली होती. टेम्पोचालक बाभळीखाली बसला होता. वय पस्तिशीचं. सदऱ्याचा खिसा फाटलेला. तो काही बोलत नव्हता.

बोलत होते ते दुसरेच एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, मागे मोठी पांढरी गाडी. ते तीन संस्थांचे अध्यक्ष होते. हे समजायला मला चौकशी करावी लागली नाही, गाडीच्या काचेवर तिन्ही पाट्या होत्या.

"टेम्पोनं बघता बघता डावीकडे कट मारला आणि बाईंना उडवलं," ते म्हणाले. "मी मागेच होतो. माझ्या गाडीत कॅमेरा आहे, इन्स्पेक्टर साहेब. पुढे एक, मागे एक. कॅमेरा खोटं बोलत नाही."

"कार्ड द्या मग," मी म्हणालो.

"उद्या माणसाबरोबर पाठवतो. आत्ता एका सत्काराला जायचंय."

अपघाताच्या जागी जो आधी बोलतो तो साक्षीदार होतो आणि जो गप्प बसतो तो आरोपी, हे मी नोकरीभर पाहिलं होतं. तरीही त्या दिवशी मी त्याच वाटेने गेलो. फिर्याद अध्यक्षांनी दिली, गुन्हा टेम्पोवाल्यावर दाखल झाला. टेम्पोची पाहणी केली, पण त्यावर इतके जुने चरे होते की त्यातला कोणताही ताजा म्हणता आला असता.

जबाब घेताना चालकाने एकच गोष्ट धरून ठेवली. "मी न्हाय, साहेब. पांढऱ्या गाडीनं डावीकडनं घुसून उडवलं." आणि थोड्या वेळाने, "गुन्हा लागला तर दाखला मिळत न्हाय न्हवं?"

दाखला म्हणजे चारित्र्य पडताळणीचा. त्याच्या गावाजवळच्या शाळेत बसचालकाची जागा निघाली होती. शाळेने त्याला पसंत केलं होतं, पण पोलिसांच्या दाखल्याशिवाय मुलांच्या गाडीवर कोणी घेत नाही. अर्ज गेला होता, दाखला यायचा होता. कलम जामिनाचं असल्यामुळे तो घरी जाणार होता, शाळेच्या बसवर मात्र आता जाणार नव्हता. आणि बाई शुद्धीवर आल्या नसत्या तर कलमही बदललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनावी फोन आला. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही, पण मागे उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते आणि अपघाताच्या जागेजवळ रसवंती एकच होती.

"मी काय सांगितलं न्हाय, साहेब. पण लोक गोळा व्हायच्या आधी टेम्पोवाल्यानं काचंजवळनं कायतरी काढलं आणि तंबाखूच्या डबीत घातलं."

"अपघात कसा झाला, बघितलात का?"

"न्हाय. दणका ऐकून मान वर केली. डबी तेवढी बघितली."

टेम्पो ठाण्याच्या आवारातच होता. काचेवर, आरशाच्या मागे, एक छोटा स्वस्तातला कॅमेरा चिकटवलेला होता. आदल्या दिवशी तो आमच्या नजरेतून सुटला, कारण काचेवर झेंडूचा हार लोंबत होता. कॅमेऱ्याची कार्डाची खाच रिकामी होती. भिंगावर लाल-पिवळा लेप होता.

आता प्रकरण मला सरळ वाटू लागलं. भिंग झाकायचं आणि कार्ड लपवायचं, हे निर्दोष माणूस कशाला करेल? मी चालकाला बोलावलं.

"कार्ड कुठं आहे?"

"कसलं कार्ड, साहेब?"

मी पाच-सहा वेळा विचारलं. उत्तर तेच. हवालदार कोपऱ्यात बसून होते. तळहात चोळत, जणू सहज, ते म्हणाले, "पावणं, चिमूटभर तंबाखू द्या की. सकाळपास्नं मळली न्हाय."

चालकाचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. आमच्या भागात तंबाखूला नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. न्यायवैद्यक शास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ही पद्धत नाही, पण हवालदारांनी तिच्यावर तीस वर्षं काढली होती.

डबी टेबलावर आली. तंबाखूत नखाएवढं कार्ड होतं.

"साहेब, मला आत टाका," चालक म्हणाला. "पण त्यातलं मालकाला ऐकवू नका."

हा कबुलीजबाबच आहे, असं मी मनात नोंदवलं. नोंद चुकीची होती.

कार्ड पंचांसमक्ष सील केलं. सायबर शाखेच्या शिपायाने मूळ कार्डाला धक्का न लावता त्याची प्रत काढली. तिसऱ्या दिवशी टेम्पोमालकाला पंचनाम्यासाठी बोलावलं, कारण कॅमेरा त्याचा होता. मालकाबरोबर त्याची आईही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

पडद्यावर प्रत सुरू झाली. रस्ता नाही, झाडं नाहीत, गाड्या नाहीत. सगळं शेंदरी.

"भिंगावर काय लावलंस?" मी चालकाला विचारलं.

उत्तर मालकाच्या आईने दिलं. "त्येला कशाला इचारताय? मी लावलं. खंडेनवमीला स्टेरिंगला लावलं, चाकांना लावलं, जॅकला लावलं. ह्यो बिचारा रोज रस्ता बघतोय, तर ह्येलाबी लावलं."

"पण आई, बरोबर डोळ्यावर?"

"मग कुठं लावू? बाकी त्येला कपाळ हाय कुठं?"

हवालदारांनी चित्र बंद करू का विचारलं. शिपाई म्हणाला, "सर, आवाज आहे." चालक गाडी चालवताना फोनवर बोलतो का हे कळावं म्हणून मालकाने कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवला होता.

चालक फोनवर बोलत नव्हता. केबिनमध्ये तो एकटाच होता आणि दोघांच्या आवाजात बोलत होता.

"मालक, एक बोलायचं हुतं." हा त्याचा स्वतःचा आवाज. मग नाकातून, बारीक, "बोल की. पण आधी माल उतरून घे." पुन्हा स्वतःचा, "माल उतरला, मालक. मी शाळंची गाडी धरतोय." पुन्हा नाकातून, "बघू की. दिवाळी हुंदे. आधी चा पी."

हातकणंगल्यापासून त्याची ही तालीम चालली होती. मालकाची नक्कल इतकी हुबेहूब होती की हवालदारांना खिडकीबाहेर बघावं लागलं. चालक स्वतःच्या चपलांकडे बघत होता. ही नक्कल मालकाच्या कानावर जाऊ नये एवढ्यासाठी हा माणूस गुन्हा अंगावर घ्यायला निघाला होता.

"मी असं बोलतो व्हय?" मालकाने विचारलं.

"अगदी असंच," आई म्हणाली.

त्यानंतर मागून एक हॉर्न आला. साधा नव्हे, सनईसारखी लांबलचक धून. ती वाढत वाढत शेजारी आली. चालकाचा आवाज आला, "अरं, डावीकडनं कुठं घुसतोय ह्यो?" मग दणका. मग, "या अल्ला. बाईला उडवलं की ह्येनं." आणि त्याच्याही नंतर टेम्पोचा ब्रेक करकरला. शिपायाने तेवढा भाग चार वेळा लावला. दणका आधी, ब्रेक नंतर. ब्रेकनंतर दुसरा दणका नाही.

आम्ही पाचव्यांदा ऐकायच्या बेतात होतो, तेव्हा तीच धून ठाण्याच्या आवारात वाजली. मी अध्यक्षांना कार्ड आणि गाडी घेऊन बोलावलं होतं. फाटकात एका शिपायाची मोटरसायकल उभी होती आणि ती हटवण्यासाठी अध्यक्ष हॉर्न देत होते.

"ह्योच की," मालकाची आई म्हणाली.

अध्यक्ष आले. कार्ड त्यांनी स्वतःहून टेबलावर ठेवलं. पहिल्या दिवशी टाळाटाळ करणारा माणूस आता फारच उदार झाला होता. "तपासा. काय असेल ते समोर येईल," म्हणाले. कार्डावर भलीमोठी क्षमता छापलेली होती. शिपायाने ते तपासलं आणि दहा मिनिटांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "सर, कार्ड नकली आहे. छापलंय तेवढी जागा आतमध्ये नाही. गुढीपाडव्याला गाडी घेतली त्या आठवड्याचं रेकॉर्डिंग आहे. पुढच्या फायलींची नुसती नावं आहेत, आत काही नाही."

जे होतं ते मी पाहिलं. शोरूमच्या दारात गाडीची पूजा, पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली आणि काचेसमोर उभे राहून तीन वेळा फेटा नीट करणारे अध्यक्ष. त्यानंतर सहा महिने कॅमेऱ्याचा निळा दिवा रोज लुकलुकत होता आणि आत काहीच लिहिलं जात नव्हतं.

मी त्यांना एवढंच सांगितलं, "तुमच्या कार्डात पाडव्यानंतरचं काहीच नाही. कार्ड पहिल्यापासून खराब आहे."

ते खुर्चीत पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे अपघात त्यात आलाच नव्हता?"

"नाही."

"मग मी गगनबावड्याला दोनदा कशाला जाऊन आलो?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर त्यांना तो ऐकू आला. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की गाडी चालत राहिली तर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं आणि जुनं पुसलं जातं. माहिती खरी होती. म्हणून दोन दिवस हे गृहस्थ मुसळधार पावसात एकटेच घाट चढून-उतरून आले होते, आणि तेही जे कधी लिहिलंच गेलं नव्हतं ते पुसायला. मला त्यांची थोडी कीव आली. फार नाही.

पुढचं काम नेहमीचं होतं. त्यांच्या गाडीच्या डाव्या बंपरवर, हाराखाली, स्कूटरचा रंग मिळाला. पाचव्या दिवशी बाई शुद्धीवर आल्या. त्यांना गाडी आठवत नव्हती. "मागनं वरातीसारखं कायतरी वाजत आलं," एवढं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांवर गुन्हा दाखल झाला आणि टेम्पोवाल्याचं नाव वगळण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. त्याची एक प्रत दाखल्याच्या अर्जाला जोडायला त्याच्या गावच्या ठाण्याला स्वतः नेऊन दिली.

पंचनाम्यावर सही करताना मालक चालकाला म्हणाला होता, "सोडून जायचंय तर सरळ सांगायचं की. तालीम कशाला?"

"चारदा सांगितलं, मालक. दरवेळी तुमी चा पाजून परत पाठवलं."

मालकाने सही केली आणि पेन बंद करता करता म्हणाला, "बघू की."

आता डॅश कॅमबद्दल. रंकाळ्यावर विचारणाऱ्यांना मी आधी कार्डाचं विचारतो. कॅमेरा माणूस निवडून घेतो आणि कार्ड मिळेल ते घालतो. या कॅमेऱ्यात दिवसभर लिहिणं-पुसणं चालतं, त्यामुळे फोनमधलं साधं कार्ड लवकर दम टाकतं. सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं कार्ड मिळतं, ते घ्या, खात्रीच्या दुकानातून घ्या, आणि आणल्या दिवशी ते पूर्ण भरून पाहा. एप्रिलच्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर उष्णता सोसणारा कॅमेरा बघा. तारीख-वेळ बरोबर लावा. माइक चालू ठेवा आणि शोभेल तेवढंच बोला. अपघात झाला तर आधी जखमीला बघा, मग कार्ड काढून ठेवा. टेम्पोवाल्याने चुकीच्या कारणासाठी का होईना, हे अगदी बरोबर केलं होतं. त्याचं कार्ड लहान होतं. ते आतच राहिलं असतं आणि टेम्पो ठाण्यापर्यंत आणून पुढे दोन-तीन तास चालवला असता तर त्याची सुटका त्याच्याच कॅमेऱ्याने पुसून टाकली असती.

आणि महिन्यातून एकदा रेकॉर्डिंग उघडून बघा. हे कोणी करत नाही. दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चाललंय, असं आपण धरून चालतो. संस्थांच्या पाट्या बघून मीही त्या दिवशी असंच धरून चाललो होतो. त्याची किंमत मला द्यावी लागणार नव्हती, एका बसचालकाला द्यावी लागणार होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कबनूरच्या रस्त्यावर एक पिवळी बस माझ्या गाडीशेजारी थांबली. चालकाने खिडकीतून हात केला. ओळखायला मला क्षणभर वेळ लागला, सदरा नवा होता.

"कॅमेरा हाय का गाडीत?" मी विचारलं.

"हाय, साहेब. मालकाच्या आईनं पूजाबी केली. म्हणाल्या, गाडी बदलली म्हणून काय झालं?"

मी मान लांबवून काचेकडे पाहिलं. हळद-कुंकवाची बोटं कॅमेऱ्याच्या बाजूला, प्लॅस्टिकवर होती. भिंग स्वच्छ होतं. मागे पंधरा-वीस मुलं एकाच वेळी बोलत होती आणि माइकला त्यांच्याशिवाय दुसरं काही ऐकू जाण्याची शक्यता नव्हती.