वाळवीने खाल्लेल्या दोन ओळी

जी नदी डोळ्यांनी कधी पाहिली नाही, तिच्यावर बारा कविता लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही खोटारडा म्हणाल का? मी म्हटले होते. त्याचे उत्तर मला मिळाले आणि पाठोपाठ किस्सेही मिळत गेले. किस्से जमवायला म्हणून कोणी बसत नाही. माणसे एका कामाला बसतात, आणि काम संपते तेव्हा हातातल्या वहीइतकीच जाड दुसरी वही मनात भरलेली असते.

आमचे काम एका कवीचे होते. सावंतवाडीची मास्तरकी संपवून २०२०च्या आरंभी मी लेकीकडे डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारला आलो आणि विमाने बंद झाली. शेजारच्या घरात इस्मेनियामावशी अशाच अडकल्या होत्या. मूळच्या गोव्यातल्या सासष्टीच्या, शिक्षण पोर्तुगीजमध्ये, पुढची चाळीस वर्षे पुण्यात. मुलगा आणि सून वैशाली, दोघेही इथल्या रुग्णालयात डॉक्टर. मावशींच्या आजोबांची पोर्तुगीज कवितांची एक वही त्यांच्या उशाशी असे. त्यांची दृष्टी झपाट्याने अधू होत चालली होती.

"माझ्यानंतर घरात हे वाचणारं कोणी नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "माझे डोळे जायच्या आत हे मराठीत आलं पाहिजे. निदान सुनेला तरी कळेल, नवऱ्याच्या पणजोबांचं घराणं काय होतं ते!"

दर रविवारी झूमवर बैठक भरू लागली. तिसरा सभासद डब्लिन शहरात ग्रँड कॅनाल डॉकला नोकरी करणारा एक तरुण इंजिनिअर. त्याला मी प्रसाद म्हणतो. ते त्याचे नाव नव्हे. तो वहीच्या फोटोंवरून रोमन अक्षरे लावत, अडखळत पोर्तुगीज वाची, मावशी अर्थ सांगत, मी लिहून घेई, आणि मग तो सुबक प्रत टाईप करी. बैठकीआधी मावशी क्रुसाची खूण करीत, मी हात जोडी. प्रसाद म्यूटवर असे.

*

पहिल्याच महिन्यात ती नदी आली. लिस्बनची नदी, तिच्यावरचे धुके, काठावरचे चेस्टनटचे झाड. आजोबा नोंदणी कचेरीत कारकून. गोव्याबाहेर एकदाच गेले होते, बेळगावला.

"हे असत्य आहे," मी म्हटले.

"मास्तर, तुम्ही वैकुंठ पाहिलंय?"

मी लेखणी उचलली.

"पण मावशी, बेळगावला किती दिवस राहिले?" प्रसादने विचारले. त्या दिवसांत आम्हाला घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाण्यास मनाई होती.

"तीन. घरच्या आठवणीने परत आले. त्यावर एक लांबलचक कविता आहे. शीर्षक 'वनवास'!"

*

कारकुनाला नव्या गव्हर्नरचे स्वागत पद्यात करावे लागे. वहीत तशी एकच कविता निघाली. त्यात नावाच्या जागी सहा नावे, पाच खोडलेली.

मी म्हटले, "स्तुती खोटी, आणि तीही शिळी!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "सहा वेळा खोटं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहिलं. कन्फेशनला पाद्रीसाहेबांपुढे हिशेब सोपा."

*

मग पोर्तुगालात हुकूमशाही आली आणि छापण्याआधी प्रत्येक ओळ सेन्सॉरकडे जाऊ लागली. आजोबांची गाय मेली. त्यांनी विलापिका लिहिली: दूध आटले तरी आम्ही तुला आईच म्हटले.

तिसऱ्या दिवशी बोलावणे आले. अधिकाऱ्याने विचारले, "ही आई कोण? मातृभूमी?"

"गाय, साहेब."

"दूध कोणाचे आटले?"

"गाईचे."

अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. आजोबांनी दोन शेजारी, एक गवळी आणि गाईच्या गळ्यातली घंटा हजर केली. कविता शिक्का मारून परत आली. मावशींनी ते पान वैशालीला कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. समासात लाल शाईने शेरा होता: "मंजूर. गाय खरी आहे."

रुग्णालयातून थकून आलेली वैशाली त्या दिवशी महिन्यात प्रथमच हसली.

*

शेवटची कविता आजोबांनी पत्नीच्या मृत्यूवर लिहिलेली. तिच्या मध्यभागी वाळवीने दोन ओळी खाल्ल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "तिथे टिंबं द्या." मी टिंबे दिली.

२०२१च्या सप्टेंबरमध्ये मावशींचे गोव्याचे तिकीट निघाले. आदल्या रविवारी त्यांच्या अंगणात आम्ही जमलो. तोपर्यंत त्यांना अक्षरे दिसेनाशी झाली होती. छापून आणलेली सुबक प्रत मी मोठ्याने वाचू लागलो. त्या कवितेपाशी आलो, तर टिंबे नव्हती.

"तू गेलीस आणि घर वाढत गेले;
दिवा तोच, उजेड भिंतीपर्यंत पोचत नाही."

मी थांबलो. वैशाली डोळे पुसत होती.

मावशी म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले.

"त्या जागी भोक आहे. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यात बोट घालत आलेय. प्रसाद, बाबा, वाळवीने ओळी परत कधी केल्या?"

प्रसादचा चेहरा उतरला. "मावशी, ती रिकामी जागा बघवेना. आई गेली तेव्हा मला जाता आलं नव्हतं. म्हणून... सॉरी. मी काढून टाकतो."

"खोडलेच पाहिजे," मी म्हटले. "मृताच्या तोंडी शब्द घालणे ही चोरीहून वाईट गोष्ट आहे."

"काढल्यावर तू काय करशील त्यांचं?" मावशींनी विचारले.

प्रसादने माझ्या हातातल्या प्रतीकडे पाहिले. "माझ्या नावावर कुठेतरी छापीन. इतकं चांगलं मला यापूर्वी कधी सुचलं नाही."

"मग ओळी राहतील," मावशी म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या नावावर. माझ्या आजीच्या थडग्यावर ठेवलेलं फूल परत उचलायचं नसतं. आणि या तुझ्या आहेत असं तू कोणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. जन्मभर. कबूल?"

"कबूल."

त्या पानाखाली लेखनिक म्हणून मी माझे नाव घातले नाही. माझा निषेध एवढाच.

नोव्हेंबरात इथल्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम झाला. तोवर ती प्रत हातोहाती फिरली होती. प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावरून त्याच दोन ओळी म्हटल्या. टाळ्या थांबेनात.

"कुठला कोण गोव्याचा कारकून!" पाहुणे म्हणाले. "याला म्हणतात प्रतिभा. आजच्या पिढीला सुचेल का अशी एक ओळ?" आणि पहिल्या रांगेतल्या प्रसादकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्हीही कविता करता म्हणे? हे घरी भिंतीवर लावा. रोज वाचा. यातलं थोडं तरी शिका."

प्रसाद उठून उभा राहिला.

"हो, सर," तो म्हणाला. "प्रयत्न करतो."