गनीभाईंची सही

नेवाशाचे गनीभाई बावीस वर्षं जमिनीचे व्यवहार जुळवत होते. गिऱ्हाइकाला प्लॉट मिळवून देण्याआधी गावात जाऊन मालकाची चौकशी करायची, ही त्यांची रीत. निवृत्त नर्स सिल्व्हियाबाईंच्या खरेदीच्या दिवशी सकाळीच ते घोडेगावला गेले, तर शेजारी म्हणाले, "मालक दोन वर्सांमागंच वारले की."

बाईंचा फोन लागेना. गनीभाई तसेच रजिस्ट्री ऑफिसात पोहोचले. तिथे सिल्व्हियाबाईंच्या शेजारी मेलेल्या मालकाच्या नावाने एक अनोळखी इसम बसला होता. त्याच्या जोडीदाराने गनीभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "साक्षीदार म्हणून सही करा. तुमचं घर ठाव हाय आमाला."

घरी लेक रुमाना एकटीच होती. गनीभाईंनी पेन हातात घेतलं.

"भाई, तुम्ही केली की मी करते सही," सिल्व्हियाबाई निर्धास्तपणे म्हणाल्या.

गनीभाईंनी पेन खाली ठेवलं आणि ते रजिस्ट्रारकडे वळले. "साहेब, मूळ मालक वारलेत. हा माणूस दुसराच आहे."

जोडीदार पसार झाला, तोतया मात्र पकडला गेला. पुढे महिनाभर दारात मोटारसायकल थांबली की गनीभाईंना घाम फुटायचा. रुमानाला ते एकटीला कुठे जाऊ देत नसत. दलालीचं दुकान मात्र त्यांनी एक दिवसही बंद ठेवलं नाही.