तीन विटांएवढी उंची

कोल्हापुरात गाडी उचलून देणारे पन्नास भेटतील. सकाळी सांगा, संध्याकाळी गाडी वीतभर वर. पण गाडी खाली बसवून द्या म्हणा, की लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग गाडीकडे बघतात, आणि मग विचारतात, "घरात मोठं माणूस कोण न्हाई काय?" मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. हायस्कुलात सोळा वर्षं गणित शिकवत होते. तरी मला हे विचारलं गेलं, आणि एकदा नाही, तीनदा.

गाडी माझ्या वडिलांची, आप्पांची. आप्पा पाटबंधारे खात्यात होते. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास गोव्यात एका परदेशी जोडप्यानं परत जाताना विकायला काढलेली जुनी व्हॅन त्यांनी घेतली. तिच्यात दोन बाकडी होती, ती उघडली की पलंग व्हायचा. एक छोटी शेगडी, ताटाएवढं बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आई म्हणाली, "घर बांधायचं सोडून चाकावरचं आणलंय." कालव्याच्या कामावर आप्पा आठ-आठ दिवस त्या गाडीतच राहायचे. सुट्टीत आम्हाला घेऊन राधानगरी, आंबा, कुठं कुठं जायचे. पण कालव्याकडेच्या वाटांवर तिचं पोट सारखं घासायचं. मग उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडून त्यांनी चारी बाजूंचे पाटे वाढवून घेतले. पाटे म्हणजे चाकावर गाडीचं ओझं पेलणाऱ्या त्या एकावर एक ठेवलेल्या पोलादी कमानी. दोन-दोन पाटे जादा घातले, आणि गाडी अशी उभी राहिली की गल्लीतली माणसं तिच्याकडे मान वर करून बघायची. आप्पांना त्याचा केवढा अभिमान!

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी आप्पा स्टुलावर चढून बल्ब बदलताना पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, घरातल्या घरात चालायला लागले. पण पाय वर उचलायचा म्हटलं की तीन विटा, बास. मी मोजलं होतं. अंगणात विटा एकावर एक आडव्या ठेवून त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. तिसरी वीट दात-ओठ खाऊन चढायचे, चौथीला पाय अडायचा. आणि गाडीच्या दारातली पायरी होती चार विटा आणि वर बोटभर. खाली विटा ठेवते म्हटलं, तर 'टेकू लावून चढू व्हय?' म्हणायचे. स्टूल ठेवते म्हटलं, तर स्टुलाचं नाव काढायचं नाही. त्यानंच पाडलं होतं ना त्यांना! उचलून बसवते म्हटलं, तर डोळे वटारले. "मी काय पोतं हाय?"

हे सगळं चाललं असतं तसंच. पण नेसरीहून आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ते तिला आक्का म्हणायचे, आणि ती धाकट्या भावाला लाडानं दादा. त्यांची आई लवकर गेलेली, त्यामुळं आप्पांना तिनंच वाढवलेलं. ती दोन महिने अंथरुणावर होती. सून म्हणाली, "खाणं सुटलंय. दादा आला का, दादा आला का, एवढंच चाललंय. जमलं तर लौकर या."

एसटीची पायरी त्याहून उंच. साध्या मोटारीत खोल वाकून बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली. भाड्याची जीप करू म्हटलं, तर तिच्यातही उचलूनच चढवावं लागलं असतं, आणि गल्लीतल्या माणसांदेखत. आप्पा म्हणाले, "आपली गाडी खाली घे. मूळची होती तेवढी. मग मी माझ्या पायानं चढतो." मग बोट नाचवत म्हणाले, "पण मेस्त्रीला माझ्या पायाचं काय सांगायचं न्हाई. कुणालाच न्हाई. शपथ घे."

घेतली मी शपथ. शहाणी ना मी!

मेस्त्रींकडे गेले, तर कारखाने सुरू व्हायचे दिवस. उसाचे ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, आणि प्रत्येकाला एकच पाहिजे, पाटा वाढवून. मी म्हटलं, "मेस्त्री, आमच्या गाडीचे दोन-दोन पाटे काढायचेत."

"काढायचं?"

"हो. गाडी खाली घ्यायचीय."

"कशाला?"

आता काय सांगू? "अशीच," म्हटलं.

मेस्त्रींनी गाडीखाली डोकं घालून बघितलं. प्रत्येक पाट्यावर त्यांची छिन्नीनं मारलेली खूण होती, तीन टिंबं. त्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "तुमी जावा ताई. काय काळजी करू नका. गाडी टकाटक करून ठेवतो."

संध्याकाळी गेले, तर गाडी आणखी उंच! मला आधी वाटलं, उताराला लावलीय म्हणून तसं दिसतंय. मेस्त्री हात पुसत आले. "पाटं पार दमलं हुतं ताई. बाकदार करून घेतलं, वर एकेक नवीन घातला. आता ह्यात उसाची खेप जरी भरलासा तरी बसायची न्हाई."

"अहो, पण मी काढायला सांगितलं होतं!"

"ते ऐकलं की. पण गाडी बसलीया म्हणूनच तुमी तसं म्हणलासा न्हवं? बसलेली गाडी बघवत न्हाई माणसाला. पैशाचं काय बघू नका. आप्पांची गाडी हाय ती."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि बोलता तर काहीच येत नव्हतं, कारण शपथ! गाडी घेऊन घरी आले. आप्पा वॉकर धरून बाहेर आले, गाडीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आरं तिच्या! उभी कशी राहिलीय बघ!" मी कपाळाला हात लावला. मग आप्पा दारापाशी गेले, दांडी धरली, पाय उचलला. पाय पायरीच्या खालीच राहिला. दुसऱ्यांदा उचलला. मग वळले आणि ओट्यावर जाऊन बसले. मी चहा नेला तर म्हणाले, "राहू दे. फोनवर बोलतो आक्काशी."

फोनवर आक्काला ऐकू येत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेस्त्री. आता मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. "ताई, चौदा वर्षांमागं ह्या हातानं घातलेलं पाटं मी काढू? उद्या ही गाडी रस्त्यानं बसकी फिरली तर लोक म्हणणार, मेस्त्रीचं काम बसलं. माझ्या दारात कधी गाडी खाली झालेली न्हाई. कालेजची पोरं येत्यात, फॅशन म्हणून गाडी जमिनीला लावून द्या म्हणत्यात. त्यास्नी मी हाकलतो. तुमी तर मास्तरीण हाय." मागं ट्रॉलीवाले हसत होते. त्यातल्या एकानं विचारलंच, "घरात मोठं माणूस कोण न्हाई काय?" दुसऱ्या गॅरेजात गेले. तो म्हणाला, मेस्त्रींचं काम आहे, मी हात लावणार नाही. तिसरा म्हणाला, हंगाम संपू दे, मग बघू. त्या दोन दिवसांत नेसरीहून आणखी एक फोन आला. सून आता लौकर या म्हणाली नाही. नुसतीच रडली.

मी अंगणातल्या तीन विटा पिशवीत घातल्या आणि शाळेला रजा टाकून मेस्त्रींच्या दारात जाऊन गाडी उभी केली. सगळ्यांदेखत, गाडीच्या दारापाशी, त्या विटा एकावर एक रचल्या. वरची वीट आणि पायरी यांच्यात अख्खा पंजा मावत होता.

"हे बघा मेस्त्री. आप्पांचा पाय एवढाच उचलतो. ह्या तीन विटा. त्याच्यावर नाही. त्यांची बहीण नेसरीत शेवटचे दिवस मोजतीय आणि त्यांना स्वतःच्या पायानं गाडीत चढायचंय. मला सांगायचं नाही म्हणाले होते. मी सांगितलं. आता काय करायचं ते करा." आणि मला रडू फुटलं. एवढा राग आला होता मला, मेस्त्रींचा, आप्पांचा, त्या हसणाऱ्या ट्रॉलीवाल्यांचा, आणि माझा स्वतःचाही.

मेस्त्रींनी विटांकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. मग जॅकवरचा एक ट्रक तसाच ठेवला आणि स्वतः आमच्या गाडीखाली शिरले. एरवी ते खुर्चीत बसून नुसतं सांगायचे. चारी बाजूंचे बोल्ट सोडले, नवीन घातलेला पाटा काढला, चौदा वर्षांपूर्वीचे दोन काढले. गाडी खाली टेकवून वीट लावून बघितली. अजून दोन बोटं जास्त होती. परत जॅक लावला, उरलेल्या पाट्यांची कमान ठोकून चापट केली, परत बसवली. दुपारचं जेवण राहिलं. एक ट्रॉलीवाला ओरडला, "मेस्त्री, गाडी बसली की ओ तुमची!"

मेस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "व्हय. मीच बसवली. तुला काय करायचंय?"

घरी आल्यावर आप्पांनी गाडीकडे नीट बघितलंही नाही. वॉकर बाजूला केला, दांडी धरली, पाय उचलला, पायरीवर टेकवला आणि आत गेले. स्वतःच्या पायानं. बाकड्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? चल की."

संकेश्वरमार्गे गडहिंग्लजपर्यंत त्यांनी मला जीव नकोसा केला. प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं आणि प्रत्येक वेळी मागनं आवाज, "हळू! खालनं काय राहिलं न्हाई तिच्या!" जणू मी हौसेनं खाली घेतली होती. गडहिंग्लजच्या पुढं रस्ता असा उखडलेला, की मी पहिल्या गिअरवरनं वर गेलेच नाही. नेसरीत आत्याच्या घराकडं वळायच्या जागी कुणीतरी पाइपसाठी चर खणून तसाच सोडलेला. गाडी पुढं जाईना. पाटे होते तसे असते तर आरामात गेली असती, हे मलाही कळत होतं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "उतरतो मी हितंच." आणि उतरले. चराच्या कडेकडेनं, वॉकर टेकत, शंभर पावलं तरी असतील, चालले. मधे दोनदा थांबले. मी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

आत्या खाटेवर होती. पार वाळून गेलेली, डोळे मिटलेले. सुनेनं कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "दादा आलाय." आत्यानं डोळे उघडले, आप्पांकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "लई दिस लावलास रं."

आप्पा खाटेच्या कडेला बसले. धाप लागली होती. आत्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "गाडी उंच झाली हुती, आक्का. पाय पोचत नव्हता."

"मग मला सांगायचं न्हाईस व्हय," आत्या म्हणाली. "मीच आले असते की."

दोन महिने ती कुशीवरही दुसऱ्याच्या हातानं वळत होती. आप्पांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, आक्का. सांगायला पायजे हुतं."