पेन्सिलचा गोल

दिगू गेल्याची बातमी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी पेणच्या घरी मुलांच्या वह्या तपासत बसले होते. ‘आपला वर्गमित्र दिगंबर याचे रोह्यात शांतपणे निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली... मी फोन पालथा घातला. पुढच्या वहीत काय वाचलं, आठवत नाही.

तेराव्याला रोह्याला गेले. जेवणं उरकल्यावर त्याचे एक काका सुपारी कातरत म्हणाले, “इंग्रजी घेऊन बीए झाला नि जन्म कंपनीत घालवला. काय उपयोग झाला त्या शिक्षणाचा?” दोघातिघांनी माना हलवल्या. मला बोलणं वेळेवर सुचत नाही. लिहिणं सुचतं, तेही उशिरा. म्हणून काका, हे तुम्हाला उत्तर आहे.

आम्ही दोघं पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला इंग्रजीच्या वर्गात होतो. सर दर सोमवारी इंग्रजीत एक पान लिहून मागत. नियम एकच, जे स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही. कुठूनतरी उचललेलं वाक्य दिसलं की त्याभोवती पेन्सिलचा गोल. शेरा नाही, कारण नाही. पुढच्या सोमवारी तेच पान पुन्हा. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग विषय बदलून गेला. मी शाळेपासून निबंधात पहिली. धरमतरच्या खाडीवरच्या सूर्यास्ताचं माझं पान सतरा गोल घेऊन परत आलं. घरी येऊन रडले, तेच पान आणखी नटवून नेलं. एकोणीस.

दिगू खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. तो तोंड उघडायचा आणि वर्ग हसायचा. त्याचं पान तीन ओळींचं होतं. उधाणात बांधाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं, बापानं अंगावरची घोंगडी काढून त्या भगदाडात कोंबली. सगळी क्रियापदं चुकलेली. सरांनी ते मोठ्यानं वाचलं. गोल एकही नव्हता. “क्रियापदं दुरुस्त करता येतील,” सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले, “तुम्ही मात्र एकदा खाडीवर जाऊन या.”

गेले. दिगूच घेऊन गेला. मी आकाशाकडे बघत उभी राहिले, तसा म्हणाला, “वर काय बघतेस गो? चिखलात बघ. माणसं तिकडं हायत.”

त्या वर्षानं मला इंग्रजी बेताचंच दिलं. मराठी मात्र मी त्या वर्गात शिकले. पुढे मी शिक्षिका झाले, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून लिहू लागले. दिगू रोह्याच्या एका कंपनीत ऑपरेटर झाला. माझा प्रत्येक लेख छापायला देण्याआधी त्याच्याकडे जायचा आणि गोल घेऊन परत यायचा. मला त्या गोलांचा राग यायचा. तरी पाठवत राहिले.

एका दुपारपाळीत त्यानं कंपनीच्या लॉगबुकात इंग्रजीत लिहिलं, ‘चार दहाला व्हॉल्व गळत होता. मी कळवलं. कोणी आलं नाही. चार चाळीसला पुन्हा कळवलं.’ तोवर त्याच्या जोडीदाराचा हात भाजला होता. इन्चार्ज म्हणाला, बाकी राहू दे, तेवढं ‘कोणी आलं नाही’ खोड. दिगू म्हणाला, “नाय खोडणार. मी होतो तिथं.” त्या ओळीमुळे जोडीदारावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवता आला नाही. दिगूची मात्र गोदामात रवानगी झाली, ती कायमची.

मी त्यावर लेख लिहिला. त्याची उरलीसुरली नोकरी जाईल या भीतीनं त्यात लिहिलं, ‘मदत पोहोचण्यास काहीसा विलंब झाला.’ लेख परत आला. एकच गोल, कागद फाटेल इतका दाबून. सोबत त्याचा फोन.

“शुभा, तू इन्चार्ज कधी झालीस गो?”

“तुझ्यासाठीच केलं रे.”

“माझ्यासाठी खोटा लिवू नको. सूर्यास्त लिव त्यापेक्षा.”

मी ती ओळ बदलली. ‘कोणी आलं नाही,’ असंच छापून आलं. माझ्या हातून उतरलेलं पहिलं खरं वाक्य ते, आणि तेही त्याचंच. लेखिका म्हणून माझं जे काही झालं, ते त्या तीन शब्दांपासून. काका, उपयोग विचारत होतात ना?

तेराव्याच्या त्याच दुपारी त्याच्या बायकोनं, कुसुमनं, माझ्या लेखांची फाइल हातात दिली. वर बोटभर उरलेली पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. शेवटचा लेख गोलांविना कोरा होता. तो वाचायचा राहून गेला...

मी म्हटलं, “शांतपणे गेला ना? ग्रुपवर तसं होतं.”

“शांत कसला ओ ताई!” कुसुम डोळे पुसता पुसता हसली. “त्या दिवशी सकाळी दवाखान्यात नर्सनं औषध उशिरा दिलं नि कागदावर वेळ दहाची लिहिली. हे उठून बसले. बाय, दहाला तू आलीच नव्हतीस, म्हणाले. तिनं खोडून साडेअकरा लिहिलं, तेव्हा पाठ टेकली. मग तासाभरात...”

घरी आल्यावर ती पेन्सिल तासली. आधी माझा तो कोरा राहिलेला लेख घेऊन बसले. सहा गोल निघाले. मग फोन उघडून ग्रुपवरचा तो निरोप एका कागदावर उतरवून काढला आणि ‘शांतपणे’ या शब्दाभोवती गोल केला. दाबून.